संगणकाच्या लेखी ‘बरोबर’ म्हणजे काय?

मी महाविद्यालयात गणित शिकवतो. उत्तरे झटपट तपासून व्हावीत म्हणून ‘सिम्पाय’ या मोफत बीजगणिती प्रणालीच्या आधाराने मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रश्न होता, साइन-वर्ग क्षचे डेरिव्हेटिव्ह काढा. मी संगणकाला दिलेले उत्तर होते ‘२ साइन क्ष कॉस क्ष’. एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘साइन २क्ष’. अकरावीच्या सूत्राप्रमाणे दोन्ही एकच. संगणकाने मात्र तिला शून्य गुण दिले. “सर, माझं काय चुकलं?” तिने विचारले.

तिचे काहीच चुकले नव्हते, चुकले होते माझे. तुलनेसाठी मी बरोबरीची दोन चिन्हे जोडून लिहिली होती. सिम्पायमध्ये त्यांचा अर्थ ‘किंमत समान आहे का’ असा नाही, तर ‘मांडणी तीच आहे का’ असा आहे. (क्ष + १)² हा एक घात आहे आणि क्ष² + २क्ष + १ ही तीन पदांची बेरीज. मांडणी निराळी, म्हणून उत्तर ‘असत्य’. क्ष + १ आणि १ + क्ष मात्र सारखे ठरतात, कारण पदांचा क्रम प्रणाली स्वतःच लावून घेते. ‘मॅथेमॅटिका’मध्ये मांडणी तपासायला तीन चिन्हे लागतात. तिथे दोन चिन्हांनी लिहिलेले समीकरण निर्णय झाला नाही तर तसेच परत मिळते.

मग संगणक आधी सोपे रूप देऊन तुलना का करत नाही? एक तर त्यात वेळ जातो. दुसरे कारण खोल आहे. साइन, घातांकी फलन, निरपेक्ष किंमत वगैरे असलेली कोणतीही राशी दिली, तरी ती सर्वत्र शून्य आहे की नाही हे हमखास सांगणारी रीत असूच शकत नाही, असे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केले.

आता माझा प्रोग्रॅम दोन उत्तरांची वजाबाकी करून ती सोपी करतो. शून्य आले तर उत्तर बरोबर. नाही आले, तर क्षच्या जागी काही संख्या घालून पाहतो. फरक स्पष्ट दिसला तर उत्तर चूक. तरीही उलगडा झाला नाही, तर ‘शिक्षकांनी पाहावे’ असा शेरा येतो.

त्या मुलीला तिचे गुण मिळाले. ‘असत्य’ आणि ‘चूक’ यांतला फरक मला तिच्यामुळे कळला.