उसातला बिबट्या आणि विद्यापीठातले वर्तनशास्त्र

नाशिक जिल्ह्यातील निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत बिबट्या हा डोंगरातून वाट चुकून आलेला प्राणी राहिलेला नाही. मादी उसाच्या फडातच पिले घालते, पिले तिथेच वाढतात आणि वस्तीवरच्या कुत्र्या-शेळ्यांवर त्यांची गुजराण होते. त्याचे काय करायचे हा प्रश्न ग्रामसभेत येतो, वनखात्याकडे जातो, विधानसभेतही गाजतो. मात्र प्राणी काय करतात, केव्हा करतात आणि का करतात याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या प्राणिवर्तनशास्त्राकडे तो क्वचितच पोहोचतो. नाशिकची महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, तिथे ही शाखा प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा एक छोटा घटक म्हणून शिकवली जाते. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या जिल्ह्याला एवढ्यावर भागवणे परवडणारे नाही.

या शास्त्राला प्रतिष्ठा मिळाली ती कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांना १९७३ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकामुळे. त्यांपैकी टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये मांडलेले चार प्रश्न आजही विद्यार्थ्याला पहिल्या तासाला शिकवले जातात. ऊसतोड सुरू झाली की मादी बिबट्या पिलाला तोंडात धरून दुसऱ्या फडात नेते, हे वर्तन घेतले तर पहिला प्रश्न असा की ते तत्काळ कशामुळे घडते, म्हणजे माणसांचा आवाज, वास की उघडी पडलेली जमीन. दुसरा असा की ही कृती मादीच्या आयुष्यात कशी घडत जाते, ती उपजत किती आणि अनुभवातून आलेली किती. तिसरा, त्यामुळे पिलांच्या जगण्याची शक्यता कशी वाढते. आणि चौथा, मार्जारकुळातील इतर जातींशी ताडून पाहता हे वर्तन उत्क्रांतीच्या ओघात कुठून आले. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी देणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ‘बिबट्या माणसाळला’, ‘बिबट्या चवताळला’ अशा झटपट निदानांत ती रोज होते.

प्रश्न नेमका ठरला की निरीक्षणाची शिस्त येते. जे लक्ष वेधून घेते तेवढेच टिपले तर झटापटी आणि पाठलाग यांनी वही भरते आणि प्राण्याच्या दिवसाचा मोठा भाग व्यापणारी विश्रांती निसटून जाते. म्हणून प्रथम त्या जातीच्या सर्व ओळखू येणाऱ्या कृतींची व्याख्यांसह यादी करतात, तिला इथोग्राम म्हणतात. मग एकच प्राणी निवडून ठरावीक वेळ त्याच्यावर नजर ठेवतात, किंवा ठरलेल्या अंतराने संपूर्ण थव्याची नोंद घेतात. या पद्धतींची काटेकोर मांडणी जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये केली.

महाराष्ट्रात अशा अभ्यासाची परंपरा जुनी आहे. सालिम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण करून दाखवून दिले की नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, आणि ती अंडी उबवू लागली की नर दुसरे घरटे बांधायला घेतो. त्यांचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांचा सुगरण पक्ष्यांच्या प्रजननावरील ग्रंथ १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला: जवळ उभ्या माणसाला घरट्याचे बीळ दिसू शकत असेल तर पक्षी आत जायला कचरतो, तो माणूस आडोशामुळे बीळ पाहू शकत नसेल तर कमी कचरतो. समोरच्याला काय दिसते याचा अंदाज एक लहान पक्षी घेतो की काय, असा खोल प्रश्न महागड्या उपकरणांवाचून विचारता आला, ही गोष्ट साध्या प्रयोगशाळा असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

नाशिकला सर्वांत जवळचे उदाहरण सिन्नर आणि इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्याचे आहे. तिथे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे शेतशिवारात लावले, तेव्हा दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे असलेल्या या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. विष्ठेच्या तपासणीतून त्यांच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा असल्याचे दिसले, आणि त्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. गळ्यात जीपीएस पट्टा घातलेले बिबटे रात्री घरांच्या जवळून फिरत आणि दिवसा दूर आडोशाला राहत, म्हणजे ते माणसाची वेळ टाळून माणसाच्याच प्रदेशात जगत होते.

या ज्ञानाशिवाय घेतलेल्या निर्णयाची किंमत जुन्नर परिसराने मोजली आहे. तिथे पकडलेले २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. माणसांवरचे हल्ले मात्र घटण्याऐवजी वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले. प्रौढ बिबट्याला आपल्या हद्दीतील पाणी, आडोसे आणि माणसांच्या वेळा ठाऊक असतात. अनोळखी मुलखात सोडले की ते सगळे ज्ञान निरुपयोगी ठरते, आणि त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या व्यापू शकतो. पिंजरा लावण्याची मागणी करणाऱ्या शेतकऱ्याची भीती खरी आहे, तिला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण पिंजऱ्यानंतर काय होते हे त्याला सांगणे हेही विद्यापीठाचे काम आहे.

याउलट, ऊसतोडीत सापडलेली पिले दूर न नेता, संध्याकाळी खोक्यात घालून त्याच जागी ठेवण्याची आणि रात्री आई येऊन त्यांना नेते का हे कॅमेऱ्यावर पाहण्याची पद्धत आता रुळली आहे, आणि ती मातृवर्तनाच्या समजेवरच उभी आहे.

बिबट्याला हाताळण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, म्हणून विद्यार्थ्याने सुरुवात नांदूर मध्यमेश्वरपासून करावी हे उत्तम. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील या बंधाऱ्याला २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथल्या एखाद्या बदकाचा खाणे, झोपणे आणि सावध राहणे यांत वेळ कसा विभागला जातो, हे दुर्बीण, घड्याळ आणि वही एवढ्यावर मोजता येते. ही शिस्त अंगी बाणली की उसाकडे वळता येईल. तोड पुढे सरकते तशी पिले असलेली मादी कोणत्या फडात जाते, याचे उत्तर कारखान्यांच्या तोडणीच्या वेळापत्रकात, वनखात्याकडील पिले सापडल्याच्या नोंदींत आणि बांधावरच्या कॅमेऱ्यांत विखुरलेले आहे; ते एकत्र आणणारा प्रबंध नाशिकच्याच प्राणिशास्त्र विभागातून लिहिला जायला हवा, कारण त्यातून निघणारे तोडीचे वेळापत्रक पहाटे कोयता घेऊन फडात शिरणाऱ्या मजुरांच्या जिवाशी जोडलेले असेल.