कोंढाणेश्वराचे तीर्थ, खडकवासल्याचे जल

श्रावणी सोमवार उजाडला की शिवभक्तांची पावले आपसूक शिवालयाकडे वळतात. पुणेकर भाविकांची अशीच एक यात्रा खडकवासल्याच्या जलाशयापासून आरंभ पावते. पाठीवर लहानशी पिशवी, तीत बेलाची पाने, शिवामुठीचे धान्य, उपवासाचे खजूर-शेंगदाणे आणि फिरकीचा तांब्या. एवढ्या सामग्रीनिशी सिंहगड चढावा!

मुठा नदीवरील हे धरण १८७९ साली पूर्ण झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचीही भिंत भंगली आणि पुण्यात हाहाकार उडाला. पुढे ती भिंत पुन्हा बांधली गेली. आज पुण्याच्या फार मोठ्या भागाची तहान हाच जलाशय भागवितो.

जलाशय उजव्या हाती ठेवून डोणजे गाठावे. तेथून घाटरस्त्याने वाहने थेट गडावर जातात. परंतु यात्रेचे खरे समाधान आतकरवाडीच्या पायवाटेवरच लाभते. धापा टाकीत पुणे दरवाजाची एकामागून एक तीन द्वारे ओलांडली, की श्रमाचा परिहार होतो. गडावर यादवकालीन मानले जाणारे कोंढाणेश्वराचे मंदिर आहे. कौंडिण्य ऋषींच्या नावावरून गडाला कोंढाणा हे नाव पडले, अशी परंपरा सांगते. जवळच अमृतेश्वर भैरवाचे स्थान आहे. १६७० साली माघ वद्य नवमीच्या रात्री देह ठेवणाऱ्या तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आणि १७०० साली याच गडावर निवर्तलेल्या छत्रपती राजाराम महाराजांची समाधी, ही स्थानेही भाविकाला देवालयांइतकीच वंद्य होत.

श्रावण सरता सरता गडाच्या उतारांवर तेरड्याचा गुलाबी बहर येतो. भाद्रपदात सोनकीचे पिवळे ताटवे डोलू लागतात. या उद्यानाला माळी नाही, कुंपण नाही. मेघराजाने शिंपलेली ही देवाची बाग! तेथील फूल डोळ्यांनीच वाहावे, खुडू नये.

आणखी एक गोष्ट भाविकांनी मनी धरावी. गडाच्या उत्तर उतारांवर पडणारा पाऊस ओढ्यांवाटे खडकवासल्याच्या जलाशयाकडेच धावतो. तेच जल नळावाटे आपल्या घरी येते. त्याच जलाने गृहिणी देव्हाऱ्यातील शिवलिंगाला अभिषेक घालते, तेच तीर्थ म्हणून आपण मुखी घेतो. मग गडावर भिरकावलेली प्लॅस्टिकची पिशवी, ओढ्यात सोडलेले निर्माल्य यांचा प्रवास कोठवर होत असेल? देवदर्शनाला जाऊन देवाचेच तीर्थ गढूळ करण्याचा दोष आपल्या माथी का यावा?

म्हणून जी पिशवी पाठीवर घेऊन आपण चढलो, तीतच उरलेसुरले सारे परत आणावे. निर्माल्य घरी आणून तुळशीच्या आळ्यात मुरवावे. उतरताना पाठीवर राहिलेले हे ओझे कोंढाणेश्वराच्या चरणी केलेल्या सेवेचेच असते. संध्याकाळी उपवास सोडताना हाती घेतलेल्या पेल्यातील पाणी मग खऱ्या अर्थाने तीर्थ ठरेल.

हर हर महादेव!