चार तळहातांवर धावणारी गाडी

हवा भरायला थांबलो की आपण सवयीने सांगतो, ‘‘चारही चाकांत अठ्ठावीस.’’ त्या आकड्यात एक नवल दडलेलं आहे. अठ्ठावीस म्हणजे टायरमधली हवा दर चौरस इंचाला २८ पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो, एवढा भार पेलते आहे. गाडी १,०५० किलोंची असेल, तर तिला उचलून धरायला किती रबर जमिनीला टेकलेलं लागेल? साधा भागाकार करा : साधारण ५२५ चौरस सेंटिमीटर. तेही चारही चाकांचं मिळून! ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे अख्खी गाडी एका कागदाहूनही लहान जागेवर उभी असते. एकेका चाकाच्या वाट्याला येतो जेमतेम एक तळहात.

हिशेब ढोबळ आहे, पण चित्र खरं आहे. वेग घेणं, थांबणं, वळणं, सगळं या चार तळहातांतूनच होतं. रोजच्या रस्त्यावर ते जाणवत नाहीत, कारण आपण त्यांच्याकडून फारसं काही मागतच नाही. मला ते जाणवले कॅलिफोर्नियात, माँटेरेजवळच्या कोरड्या टेकड्यांतल्या लगुना सेका ट्रॅकवर, एका जुन्या माझदा मिआटात बसून.

मिआटाची कल्पना मुळात बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराची. जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखी साधी, हलकी, उघड्या टपाची दोन माणसांची गाडी माझदाने करावी, असं त्याने सुचवलं. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती जगासमोर आली. १.६ लिटरचं इंजिन, सुमारे ११५ अश्वशक्ती, वजन हजार किलोंच्या आत. तिच्या जपानी निर्मात्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेला शब्द होता ‘जिन्बा इत्ताई’ : घोडा आणि स्वार एकजीव. एप्रिल २०१६मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी बाहेर पडली. एवढ्या गाड्या असल्यामुळे सेकंडहँड मिआटा सहज मिळते, सुटे भागही मिळतात, आणि अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, ती दिसतेच.

बैलबाजारात जनावराचे दात बघून वय ओळखतात, तशा या गाडीच्याही खुणा आहेत. टपावरून ओघळणारं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पानं-मातीने त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळीत साचतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून कुजतो. तिथे बोटाने दाबून पाहायचं. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी मुळात काळी असते. वर्षानुवर्षं तापून ती तपकिरी-हिरवट झाली असेल तर तडकायच्या बेतात आहे, असं समजायचं. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा. तो तुटला तरी या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, हा घडवणाऱ्यांचा केवढा सुज्ञपणा!

ट्रॅकवर जाण्याआधी मात्र एक काम चुकवायचं नाही : ब्रेक ऑइल बदलायचं. कारण पुढचं नवल ब्रेकमध्ये आहे.

लगुना सेकाच्या मुख्य सरळ पट्ट्यानंतर अँड्रेटी हेअरपिन नावाचं तीव्र वळण येतं. समजा, चालकासह १,०५० किलोंची गाडी ताशी १४४ किलोमीटरवरून ७२वर आणायची आहे. वेग निम्मा केला, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे तिचा तीन-चतुर्थांश भाग काढून टाकावा लागतो. हा भाग भरतो सुमारे ६३० किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत दोन लिटर गार पाणी उकळीला येईल, आणि ही उष्णता अडीच सेकंदांच्या आत बहुतांशी ब्रेकच्या चकत्यांत शिरते. गॅसवर तेवढं पाणी ठेवून पाहा, किती वेळ लागतो ते. त्या क्षणी ब्रेक इंजिनाच्या तिपटीहून जास्त ताकदीने काम करत असतात. इंजिनाच्या अश्वशक्तीचे आकडे सगळ्यांना पाठ; ब्रेकची ताकद कुणी विचारतही नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पॅडल थेट तळाला जातं. आंबा घाट उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकमागे जो करपट वास येतो, तो तापलेल्या ब्रेकचाच इशारा. चढताना जो गिअर, उतरताना तोच, हा आपल्या घाटातल्या चालकांचा नियम त्याच उष्णतेतला काही वाटा इंजिनावर सोपवतो.

ब्रेक दाबताच आणखी एक गोष्ट घडते. गाडीचा भार पुढे सरकतो. जोरात ब्रेक लावला तर मिआटात सुमारे दोनशे किलो. जणू गव्हाची दोन पोती मागच्या चाकांवरून उचलून कुणी पुढच्या चाकांवर ठेवली. आणि टायरमधला दाब तोच असल्याने पुढचे दोन तळहात पसरतात, मागचे आक्रसतात. पुढची चाकं वळायला तयार होतात, मागची हलकी होऊन निसटायला बघतात. शेजारी बसलेले प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगत होते, ब्रेक हळूहळू सोड. का, ते मला आता कळतं : ती पोती फेकायची नसतात, उतरवून ठेवायची असतात.

प्रत्येक तळहाताची पकड ठरलेली असते आणि ती ब्रेक व वळण यांत वाटावी लागते. हे वाटप मात्र साध्या वजाबाकीचं नाही. साठ टक्के पकड ब्रेकला दिली, तरी वळायला चाळीस नव्हे, ऐंशी उरतात! या दोन ओढी काटकोनात असतात, म्हणून शाळेतला पायथागोरस इथे टायरखाली हजर होतो : साठचा वर्ग अधिक ऐंशीचा वर्ग म्हणजे शंभराचा वर्ग. ब्रेक अलगद सोडत सोडत वळणात शिरणारा चालक हे प्रमेय पायाने सोडवत असतो. वळणाची त्रिज्या दुप्पट केली तर त्याच पकडीत १.४ पट वेग मिळतो. म्हणून बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर असा पूर्ण रुंदीचा मार्ग धरायचा. इंजिन छोटं असल्याचा इथे फायदा होतो. वळणात गमावलेला वेग पुढच्या चढावर ११५ अश्वशक्तीने लवकर भरून निघत नाही, त्यामुळे प्रत्येक चूक स्पष्ट दिसते आणि शिकवून जाते.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. साधारण वीस मिनिटांची एकेक फेरी असते. पुढच्याने हात बाहेर काढून खूण केली तरच त्याला ओलांडायचं. अनोळखी माणसावर असा विश्वास मी कुठल्याच हमरस्त्यावर पाहिला नाही.

आणि मग कॉर्कस्क्रू नावाचं वळण. चढ संपतो तिथे रस्ताच दिसत नाही, दिसतात फक्त झाडं आणि आभाळ. डावीकडे, लगेच उजवीकडे, आणि १३७ मीटरांत जमीन १८ मीटर खाली : सहा मजली इमारतीएवढी. माथ्यावर आकाशपाळणा खाली येतानासारखा पोटात गोळा येतो. तेच गाडीलाही होतं. भार हलका होतो, चारही तळहात आक्रसतात आणि स्टिअरिंग मऊ लागतं. तळाशी पोहोचताच गाडी दबते, तळहात पसरतात, पकड परत येते. हे मला बोटांत कळलं, तेव्हा ‘एकजीव’ या शब्दाचा अर्थ उमगला. जुन्या, हलक्या गाडीत रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये फार काही नसतं.

फेरीनंतर तापलेल्या टायरांचा दाब मोजला. अठ्ठावीसचे चौतीस झाले होते. आतली हवा तापून फुगली होती आणि तळहात लहान झाले होते. मी गुडघ्यांवर बसलो, व्हॉल्व्हवर नख दाबलं आणि थोडी थोडी हवा सोडत तीसवर आलो. ऊन रबराचा वास येत होता. डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता, पण आता मला माहीत होतं : खाली, डांबरावर, ती मूठ हळूच उघडत होती.