बर्फावरची गाडी आणि तिची झडप

पावसाळ्यात नदीला पूर आला की पलीकडच्या गावाची वाट बंद होते. कॅनडा देशात हिवाळ्यात बर्फामुळे अशाच वाटा बंद होत असत. तेथील क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे गाव आहे. त्या गावात जोसेफ-आर्मां बोंबार्डिये नावाचा एक कुशल मेकॅनिक राहत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले होते. त्यामुळे मुलाला दवाखान्यात नेता आले नाही व तो दगावला. बर्फावर चालणारे वाहन किती गरजेचे आहे, हे या घटनेवरून तुमच्या लक्षात येईल. बोंबार्डियेने आपले प्रयत्न सोडले नाहीत. पुढे त्याने बर्फावर चालणाऱ्या मोठ्या मोटारी बनवल्या आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही छोटी गाडी बाजारात आणली. अशा गाडीला स्नोमोबाइल म्हणतात. तिला पुढे दोन पट्ट्या असतात व मागे रबराचा रुंद, फिरता पट्टा असतो. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग येथेही अशा गाड्या दिसतात.

पुष्कळ स्नोमोबाइलमध्ये टू-स्ट्रोक इंजिन असते. आपल्याकडच्या जुन्या स्कूटर व रिक्षा याच जातीच्या इंजिनावर चालत. या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच एक भोक असते. पिस्टन खाली सरकला की ते भोक उघडते आणि जळालेला वायू बाहेर जातो. भोक जितके उंच, तितके ते लवकर उघडते.

येथेच एक अडचण येते. इंजिन हळू चालत असताना भोक लवकर उघडले, तर वायूचा जोर वाया जातो. शिवाय पेट्रोल आणि हवा यांचे न जळलेले मिश्रणही बाहेर निसटते. याउलट, इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेऊ लागले, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ फेरे झाले, की धूर बाहेर जायला वेळच उरत नाही. तेव्हा भोक लवकर उघडलेले बरे. मग एकच भोक दोन्ही वेळी कसे चालावे?

यावर उपाय म्हणजे सरकती झडप. भोकाच्या वरच्या बाजूला धातूचे एक चपटे पाते बसवतात. दुकानाचे शटर अर्धे खाली ओढावे, तसे हे पाते हळू चालताना खाली राहते. वेग वाढला की ते वर सरकते. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीच्या अनेक इंजिनांत हे काम धुराचा दाबच करतो. तो दाब एका बारीक वाटेने रबराच्या छोट्या भात्यात जातो. दाब वाढला की स्प्रिंग दबते व पाते वर उचलले जाते. दाब कमी झाला की स्प्रिंग त्याला पुन्हा खाली ढकलते. काही इंजिनांत विजेची छोटी मोटर तार ओढून हे काम करते.

पाते सतत धुरात असते. टू-स्ट्रोक इंजिनात तेलही जळते. त्यामुळे पात्यावर काजळी साचते आणि ते अडकते. मग बिघाड कसा ओळखायचा? हकीम नाडी पाहतो, तशी गाडीची लक्षणे पाहावीत.

गाडी सुरुवातीला चांगली चालते, पण पूर्ण वेग घेत नाही, असे झाले तर पाते खालीच अडकले असावे. भाता फाटला किंवा दाबाची बारीक वाट काजळीने बुजली, तरी हेच लक्षण दिसते. गाडी निघताना सुस्त असते आणि वेग वाढल्यावरच जोर धरते, असे झाले तर पाते वर अडकले असावे किंवा स्प्रिंग तुटली असावी.

मात्र घाई करू नये. खराब प्लग, पेट्रोलमधील कचरा किंवा झिजलेला पट्टा यांमुळेही जोर कमी होतो. म्हणून सोप्या गोष्टी आधी तपासाव्यात. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि झडपेचे झाकण उघडावे. झाकणाखाली तेलकट काजळी दिसली, तर भाता फाटला आहे का ते पाहावे. पाते बाहेर काढून ते द्रावणाने व मऊ ब्रशाने स्वच्छ करावे. ते धारदार हत्याराने खरवडू नये. पाते परत बसवताना त्याची बाजू नीट पाहावी. ते उलटे बसले तर पिस्टनला लागून इंजिनाची मोठी हानी होऊ शकते. शेवटी पाते न अडखळता सरकते का, हे पाहावे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पात्यासाठी इतकी काळजी कशाला? पण कडाक्याच्या थंडीत, वस्तीपासून दूर गाडी बंद पडली, तर माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून तेथील जाणते लोक हिवाळ्यापूर्वीच झडप साफ करून घेतात आणि दूरच्या वाटेला एकटे जात नाहीत. तुमच्या घरी सायकल असो वा शिलाई यंत्र, हाच नियम लक्षात ठेवा. आधी लक्षण पाहा, मग कारण शोधा आणि त्यानंतरच पान्याला हात लावा.