वर्म्स येथील यहुदी लोक

जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं वर्म्स नांवाचें शहर आहे. १५२१ सालीं मार्टिन लूथर बादशहापुढें उभा राहिला तें हेंच, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्याच्या सुमारें पांचशें वर्षें आधींच, १०३४ सालीं, येथें यहुदी लोकांचें सभास्थान बांधलें गेलें होतें, ही गोष्ट फार थोडे जाणतात. शास्त्राचा थोर भाष्यकार राशी हा फ्रान्स देशांतून तरुणपणीं येथें अध्ययनास आला होता. १०७४ सालीं हेन्री राजानें जकातीची माफी दिली. त्या सनदेंत यहुद्यांचें नांव इतर नागरिकांच्या आधीं घातलेलें आहे!

पुढें १०९६ सालीं यरुशलेम जिंकावयास निघालेले जथे या शहरांत शिरले. अनेक यहुद्यांनीं बिशपाच्या वाड्याचा आश्रय घेतला, पण तोही टिकला नाहीं. सुमारें ८०० माणसें मेलीं; कित्येकांनीं सक्तीचा बाप्तिस्मा नको म्हणून स्वहस्तें आपल्या लेंकरांचा व स्वतःचा अंत केला. मारणाऱ्यांच्या अंगरख्यांवर वधस्तंभाचें चिन्ह शिवलेलें होतें. आम्हां ख्रिस्ती लोकांस हें पान मान खालीं घालूनच वाचावें लागतें.

शहराच्या जुन्या कबरस्थानांत दोन शिळा शेजारींशेजारीं उभ्या आहेत. एक रब्बी मेइर यांची. देश सोडून जात असतां १२८६ सालीं ते पकडले गेले व राजानें त्यांस कैदेंत ठेविलें. लोक खंडणी भरावयास तयार होते. परंतु एकदां पैसा दिला कीं दुसरा रब्बीही धरला जाईल, म्हणून त्यांनीं ती भरूं दिली नाहीं, असें परंपरा सांगते. १२९३ सालीं ते कैदेंतच वारले. तरी प्रेत सोडण्यांत आलें नाहीं. अखेर १३०७ सालीं अलेक्झांडर विम्फेन नामक गृहस्थानें पुष्कळ द्रव्य देऊन तें सोडविलें. मोबदला म्हणून त्यानें एवढेंच मागितलें कीं, आपणांस त्यांच्या शेजारीं पुरावें. दुसरी शिळा त्याची.

१३४९ सालीं महामारीच्या वेळीं पुन्हां कत्तल झाली, १६१५ सालीं हद्दपारी झाली. दोन्ही वेळां वस्ती पुन्हां बसली. १९३८ च्या नोव्हेंबरांत नाझींनीं सभास्थान जाळिलें आणि मागाहून उरलेल्या लोकांस मृत्यूच्या छावण्यांकडे धाडिलें. त्यानंतर मात्र पूर्वीची वस्ती पुन्हां उभी राहिली नाहीं. सभास्थान जुनेच दगड वापरून १९६१ सालीं पुनः उभारलें गेलें. कबरस्थान नाझींच्या हातून वांचलें. त्या दोन शिळांवर येणारे जाणारे यहुदी रीतीप्रमाणें आजही लहान खडे ठेवून जातात.