नाणेघाटातले चोवीस हजार चारशे

जुन्नरजवळच्या नाणेघाटात, लेण्याच्या भिंतींवर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा दानाचा हिशेब कोरलेला आहे. सातवाहन राणी नागनिकेचा लेख म्हणून तो ओळखला जातो. कोणते यज्ञ झाले, दक्षिणा किती दिली, सारे आकड्यांसकट आहे. गाई, हत्ती आणि कार्षापणे, म्हणजे रोख नाणी. त्यातली एक रक्कम २४,४०० कार्षापणांची. पैठणचा माल याच घाटाने कोकणात उतरायचा, त्यामुळे मराठवाड्यातल्याच वडवणीच्या माणसाला हा हिशेब परका वाटायचे कारण नाही.

ब्राह्मी लिपीतल्या या आकड्यांत शून्य नाही. एक ते नऊ, दहा ते नव्वद, शंभर आणि हजार अशी वीस चिन्हे, बस्स. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह चिकटवले की चारशे. तीच दोन चिन्हे न चिकटवता शेजारी लिहिली की एकशे चार. लेणे कोरणाऱ्याच्या छिन्नीला हा फरक कळत होता. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६ साली याच अंकांवर निबंध लिहिला.

संगणकाला मात्र हे शिकवावे लागले. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ब्राह्मी २०१० साली आली. ही वीस चिन्हे तिथे आहेत, आणि नंतरच्या काळातल्या स्थानमूल्याच्या अंकांसाठी शून्यासह दहा वेगळे क्रमांकही आहेत. दोन पद्धतींची सरमिसळ टाळली, हे फार चांगले झाले. २०१४ साली आकड्यांसाठी खास जोडचिन्ह आले. ते स्वतः दिसत नाही, शेजारच्या दोन चिन्हांना गुणाकारात बांधते.

आता २४,४०० टंकून पाहा. हजार, जोड, वीस. हजार, जोड, चार. शंभर, जोड, चार. तिन्ही जोड गाळले, तर उरलेल्या चिन्हांची नुसती बेरीज भरते २,१२८. राणीची बावीस हजारांवर दक्षिणा एका न दिसणाऱ्या खुणेपायी बुडाली!

शिलालेखाचे छायाचित्र छापून भागत नाही, कारण चित्रातला आकडा शोधता येत नाही की मोजता येत नाही. गूगलचा ‘नोटो सॅन्स ब्राह्मी’ हा फॉन्ट फुकट मिळतो. वडवणीतल्या इतिहासाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी तो उतरवून घ्यावा, मुलांकडून गावाची लोकसंख्या ब्राह्मीत लिहून घ्यावी, आणि जोडचिन्ह तपासूनच गुण द्यावेत.