धावपटूचा लिपिड रिपोर्ट

आधी उतरतात ट्रायग्लिसराइड्स

लांब पल्ल्याच्या धावण्यात स्नायू साखरेबरोबर चरबीही जाळतात. स्नायूंतला चरबीचा साठा पुन्हा भरायचा म्हणून स्नायूंच्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज हे विकर वाढतं. रक्तातल्या ट्रायग्लिसराइड्सचं ते विघटन करतं आणि सुटलेली मेदाम्लं स्नायू उचलतात. गंमत म्हणजे हे काम पळताना नव्हे, पळून झाल्यावर काही तासांनी जोर धरतं आणि एक-दोन दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर रक्तात चढणारी चरबीसुद्धा त्यामुळे कमी चढते. पण आठवडाभर बूट कोपऱ्यात पडून राहिले, की फायदा बराचसा ओसरतो. निदान या बाबतीत तरी, फक्त रविवारी पंचवीस किलोमीटर मारणाऱ्यापेक्षा एक दिवसाआड सात-आठ किलोमीटर धावणारा शहाणा!

एचडीएल

ट्रायग्लिसराइड्सचे कण फुटताना त्यांच्या आवरणाचा काही भाग एचडीएलकडे, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांकडे, जातो, म्हणून तेही वाढतं. मात्र महिनोन्महिन्यांच्या सरावानंतर, आणि बहुतेकांत जेमतेम दोन ते पाच अंकांनी. औषधांनी एचडीएल वाढवून हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, तेव्हा या आकड्यावर फार खूश होऊ नये.

एलडीएल हट्टी

रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, प्रामुख्याने यकृत उचलतं. वजन उतरलं, तूप-लोण्याचं प्रमाण घटलं तर ते थोडं खाली येतं; नुसत्या धावण्याने फारसं हलत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्थूल व्यक्तींनी आठवड्याला सुमारे ३२ किलोमीटर जॉगिंगइतका व्यायाम काही महिने केला. एलडीएलचा एकूण आकडा जवळपास तोच राहिला, त्यातले लहान, घट्ट कण तेवढे घटले. एलडीएलसारखाच दुसरा कण, लायपोप्रोटीन-ए, तर आनुवंशिक; त्यावर व्यायामाचा परिणाम जवळजवळ नाहीच.

अमेरिकेत जॉगिंगची लाट आणणारा लेखक जिम फिक्स १९८४ साली, ५२व्या वर्षी, धावायला गेला असतानाच हृदयविकाराने गेला. त्याच्या हृदयाच्या धमन्या चरबीने अरुंद झाल्या होत्या. वडील ४३व्या वर्षी हृदयविकारानेच वारले होते. त्याला धावण्याने मारलं असं म्हणणं चूक. पण धावण्याने घराण्याचा वारसा पुसला नाही, हे खरं.

रक्त कधी द्यावं?

मॅरेथॉननंतर लगेच नको. त्या दिवसांत ट्रायग्लिसराइड्स नेहमीपेक्षा कमी दिसतात. स्नायूंवरच्या ताणाने सीपीके या स्नायूंतल्या विकराचा आकडाही खूप चढतो, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत दोष गोळीच्या माथी येतो. डॉक्टरांना शर्यतीची तारीख सांगा, आणि गोळी त्यांना न विचारता बंद करू नका.